तेरावी खूण

१

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ पक्की सांगते, कारण संगणकाच्या कोपऱ्यात ती लिहिलेली होती आणि मी मिनिटं मोजत होते. लेकीला, आसीला, सासूबाईंकडे सोडून आले की माझं असंच होतं. तिने नारळ खवायच्या पात्यावर हात तर ठेवला नसेल, समुद्राकडच्या दाराला कडी लावलीय ना, हेच डोक्यात चालू राहतं.

माझी शाळा सातवीत सुटली. तरी आठवड्यातून दोनदा मी विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात जाऊन बसते, ते नवऱ्यासाठी. जोलामे लांबच्या बेटावरच्या शाळेत शिकवतो. तिथे इंटरनेट नाही, आणि पदवी झाल्याशिवाय त्याला कायम करणार नाहीत. म्हणून त्याचं पान मी उघडते, नवे धडे छापून बोटीने पाठवते, त्याची हाताने लिहिलेली उत्तरं आली की फोटो काढून चढवते. पानावर कोर्सच्या दोन याद्या असतात. वर चालू, खाली झालेले. संपलेला कोर्स वेळेवर खाली सारला नाही तर सगळा गोंधळ होतो, हे मला आता पाठ झालंय.

केंद्र म्हणजे दवाखान्याशेजारची एक खोली, चार संगणक, एक पंखा आणि केलेरा. केलेरा माझी मामेबहीण. आमच्याकडे मामे-आते बहिणींनी एकमेकींची टर उडवायचीच असते. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडण झालं का.

"या प्रोफेसरबाई," ती म्हणाली. "आज नवऱ्याचं नंतर. मुख्य कचेरीने यादी पाठवलीय. कोणी अर्ध्यात सोडलं, कोणी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलं, त्यांचे कोर्स अजून वरच लटकलेत. एकेक उघड आणि खाली ढकल. तुलाही जमेल इतकं सोपं आहे."

"आणि तू काय करणार?"

"तुझ्यावर देखरेख. पगार त्याचाच मिळतो मला."

प्रत्येक नावापुढे पान एकच विचारत होतं: विद्यार्थी आहे का? खाली दोन बटणं. आहे. नाही. 'नाही' दाबलं की कोर्स आपोआप झालेल्यांत जायचा. बावीस नावं मी अशी सारली. तेविसावं नाव होतं आसिनाते रालुवे.

माझ्या मुलीचं नाव.

२

अर्थात ते माझ्या मुलीचं नव्हतं. ती तेव्हा तीन वर्षांची होती. ते जोलामेच्या बहिणीचं होतं. आम्ही बाळाला घरच्या माणसाचं नाव जसंच्या तसं देतो, आडनावासकट. नाव दिलं की त्या दोघी एकमेकींच्या होतात. आत्या गेली डेंग्यूच्या वर्षी, आसी झाली त्याच्या पुढच्या वर्षी. सासूबाईंनी, ज्यांना घरात आम्ही सगळेच बुबू म्हणतो, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आलीस का परत आसिनाते." सगळे रडले. मीही रडले.

आत्याचा एकच कोर्स राहिला होता. लहान मुलांची निगा. चौदा आठवड्यांचा, दर आठवड्याला एक चौकट, त्यातल्या चार चौकटींत खूण होती.

विद्यार्थी आहे का?

मला माहीत होतं काय दाबायचं ते. बोटही तिकडेच गेलं. पण पडद्यावर माझ्या आसीचं पूर्ण नाव आणि त्याच्यापुढे 'नाही', हे माझ्या हाताने मी कसं करू? तुमच्यापैकी ज्या आया आहेत त्यांनी सांगावं. केलेरा चहात लिंबाची पानं टाकत होती, तिची पाठ माझ्याकडे होती.

मी 'आहे' दाबलं. आणि पुढच्या नावावर गेले.

३

पुढच्या मंगळवारी केलेरा पडद्याकडे बघत म्हणाली, "उनाइसी, हे तू काय करून ठेवलंस?"

आत्याचा कोर्स केलेराच्या यादीत अगदी वर आला होता. पाच चौकटींत खूण. शेजारी लिहिलं होतं: शेवटचं काम, आज, १०:४०.

त्या कोर्समध्ये एक वही ठेवायची असते. तीन ते चार वर्षांच्या एका मुलाजवळ आठवड्यातून एकदा शांत बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. पहिल्या चार नोंदी आत्याच्या वेळच्या. शेजारच्या मुलाच्या होत्या, तो आता शाळेत जातो. पाचवी नवी होती. मी बोट ठेवून वाचली.

"मूल चटईच्या कडेची लोकर उपटते. डावा हात वापरते. उजव्या पायावर खपली आहे, ती काढू बघते. आजी रागावते. आई घरी नाही."

आसी डावरी आहे. खपली रविवारची होती.

"नेटवर्क कंपनीचा घोळ असेल," केलेरा म्हणाली.

"नेटवर्क कंपनीला खपली दिसते का?"

"मग जोलामेने लिहिलं असेल. बायकोला घाबरवायला. पुरुषांना तेवढंच सुचतं."

जोलामेच्या बेटावर इंटरनेट असतं तर मी इथे बसलेच नसते, हे दोघींनाही कळत होतं. केलेराने पान बंद केलं आणि मला बिस्किटं दिली. मी ती पिशवीत टाकून घरी पळाले.

४

आसी आतल्या खोलीत खेळत होती. नारळाची करवंटी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली होती. खिडकीखालचा कोपरा आला तशी ती थांबली, कमरेत वाकली, डोकं खाली घातलं आणि हळूच म्हणाली, "तिलोउ, तिलोउ." मग तशीच वाकून कोपऱ्यासमोरून गेली.

बसलेल्या मोठ्या माणसासमोरून जाताना आम्ही असं म्हणतो. लहान मुलांना हे शिकवावं लागतं, दहादा सांगावं लागतं. मी अजून शिकवलं नव्हतं. आणि कोपऱ्यात कोणी नव्हतं. तिथे पांढरी चटई होती, बुबूंनी विणलेली, कडेला लाल-निळी लोकर. आत्याच्या पदवीच्या दिवशी तिला बसवायला म्हणून विणली, ती तशीच गुंडाळून ठेवलेली असायची.

त्या दिवशी ती पसरलेली होती.

"चटई कोणी काढली, बुबू?"

"मी. दमट झाली होती." त्या माझ्याकडे न बघता कसाव्याचे कंद सोलत राहिल्या. "पोरीला वळण आहे बघ. तुझ्याकडून आलेलं नाही ते."

मी चटई गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ती परत पसरलेली होती. मी पुन्हा गुंडाळली. असं चालूच राहिलं.

५

मी वेडी नाही. मी सगळं तपासलं.

केलेरा करत असेल? सातव्या आठवड्यात ती सावुसावू गावी लग्नाला गेली होती, केंद्राला कुलूप होतं, आणि किल्ली बुधवारपर्यंत तिच्याच पिशवीत होती, तरी मंगळवारची नोंद आलीच. बुबू करत असतील? बुबूंना फोन सुरूसुद्धा करता येत नाही. आत्याचा पासवर्ड कोणाला माहीत असेल तर? पण पासवर्ड असलेल्या माणसाला आमच्या आतल्या खोलीत काय चाललंय ते कसं दिसेल? नोंदीत जे दिसत होतं ते एकाच जागेवरून दिसत होतं. एकदा मी स्वतः त्या चटईवर बसून बघितलं. दाराचा अर्धा भाग, चुलीकडे वाकणाऱ्याची पाठ, आणि मधे जमिनीवर खेळणारं मूल, सगळं. खिडकीच्या काचपट्ट्यांतून समुद्राचा आवाज उजव्या कानात येतो. सहाव्या नोंदीत तेही होतं: "लाटांमुळे मुलाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी जवळ बसावे."

आठव्या आठवड्यात मी केंद्रात गेलेच नाही. मंगळवारी सकाळी दारात ठाण मांडून बसले. आसी चमचा आपटत होती. मी त्या कोपऱ्यावरून नजर हलवली नाही. साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले. काही झालं नाही. फक्त आसी मधेच चमचा आपटायची थांबली आणि अगदी गप्प बसली. फोटो काढणार असले की मुलं बसतात तशी.

दुपारी केलेराकडे गेले. ती आज टर उडवत नव्हती. तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मूल आज कमी बोलले. आई घरी आहे. आई दारात बसली आहे. आई मुलाकडे बघत नाही. माझ्याकडे बघते."

६

बाराव्या आठवड्यापर्यंत माझं वजन उतरलं. आसीला मी कडेवरून खाली ठेवत नव्हते, आणि ती खाली उतरायला लाथा मारत होती.

केलेराने मुख्य कचेरीला फोन लावला. मी जवळच होते, तिकडच्या बाईचा आवाज मला ऐकू येत होता.

"विद्यार्थिनी मरण पावलीय," केलेरा म्हणाली. "चार वर्षं झाली."

"पण तिने परवाच काम जमा केलंय," बाई म्हणाली. "चांगलं काम आहे. शिक्षकांनी शेराही दिलाय."

"ते तिने केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

"ते सोडा, तिचं नाव काढून टाका," केलेरा म्हणाली.

"मॅडम, ती आहे असं तुमच्याच केंद्राने कळवलंय. आता नाव काढायचं तर विद्यार्थिनीने स्वतः यावं लागेल." बाई नम्र होती. "दोनच आठवडे राहिलेत. करू द्या की पुरं."

बुबूंचंही तेच म्हणणं होतं. त्या दुपारीच मी त्यांना विचारलं. सरळ विचारलं, तुम्हाला ती दिसते का.

"दिसत नाही," बुबू म्हणाल्या. "पण चटई कोणी बसल्यासारखी दबते. माझ्या हातची चटई आहे, मला कळतं." मग म्हणाल्या, "अर्धवट टाकायची सवय नव्हती माझ्या पोरीला. पुरं करू दे, मग जाईल ती."

"एकटी जाईल?"

बुबू उठल्या. भांडी आवरायला घेतली.

मी का विचारलं ते सांगते. चौदाव्या आठवड्याच्या चौकटीत काय करायचं ते केलेराने मला वाचून दाखवलं होतं. त्या आठवड्यात नोंद नव्हती. एकच ओळ होती: मुलाला घेऊन केंद्रावर हजर राहावे.

आणि मग कोर्स खाली जातो. झालेल्यांत.

७

बावीस एप्रिल, मंगळवार. आसीला मी बरोबर नेलं नाही. तिला केंद्रावर नेणं म्हणजे ते काम मीच केल्यासारखं झालं असतं. समुद्राकडच्या दाराला कडी लावली, रस्त्याकडच्या दारालाही लावली, बुबूंच्या पाया पडून सांगितलं, मी येईपर्यंत उघडू नका. त्यांनी मान हलवली.

केंद्रात केलेराने पान उघडून ठेवलं होतं. तेरा चौकटींत खूण. चौदावी रिकामी, पण उघडी.

"बंद कर ना हे."

"मला बंद करता येत नाही, दहादा सांगितलं."

"खाली ढकल."

"खाली ढकललं तर पुरं झालं असंच धरतात. ढकलू?"

मी नको म्हणाले. दहा वाजून एकतीस झाले होते. पंखा फिरत होता. दवाखान्यात कोणाचं तरी बाळ रडत होतं आणि मला प्रत्येक वेळी ते आसीच वाटत होतं. मी उठले, बसले, परत उठले.

"बस गं एका जागी," केलेरा म्हणाली. मग खिडकीबाहेर बघून, अगदी साधेपणाने, "ती बघ तुझी आसी आली. कोणाबरोबर आहे?"

किनाऱ्याच्या रस्त्याने आसी येत होती. पिवळा फ्रॉक, पायात काही नाही. ती रस्त्याच्या आतल्या बाजूने चालत होती, गाड्यांपासून लांब, मोठं माणूस बरोबर असलं की मुलाला ज्या बाजूला ठेवतं त्या बाजूने. उजवा हात वर होता. खांद्याच्याही वर, सरळ, बोटं मिटलेली. ती वर बघून काहीतरी बोलत होती. मग ऐकत होती. मग हसली.

पोस्टाजवळ पावसाचं डबकं आहे, रुंद. आसीच्या उडीबाहेरचं. ती त्याच्यापाशी आली आणि थांबली नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले, गुडघे पोटाशी आले, आणि ती त्या एका हाताला लोंबकळत पलीकडे उतरली.

केलेराच्या हातातला कप खाली पडला.

दहा अडतीस. मी धावत सुटायला हवं होतं. पण माझे डोळे पडद्यावर गेले, आणि मला जोलामेचा कोर्स आठवला. एकदा चुकून मी त्याच्या एका धड्यावरची खूण काढली होती, तर पुढचा सगळा भाग करडा पडून बंद झाला होता. त्याने मला केवढं ऐकवलं होतं. एक राहिलं असेल तर पुढचं उघडत नाही.

मी तेराव्या चौकटीवरची खूण काढली.

चौदावी करडी झाली.

बाहेर आसीचा हात खाली पडला, दोरी तुटल्यासारखा. ती रस्त्यातच बसली आणि भोकाड पसरलं. मी तिला उचललं तेव्हा ती माझ्यावर चिडली होती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणाली, राहिलं," आसी हुंदके देत म्हणाली. "म्हणाली, आई परत करायला लावते."

घरी दोन्ही दारं उघडी होती. बुबू उंबऱ्यात बसून होत्या, चेहरा धुतल्यासारखा ओला. "दार वाजलं," त्या म्हणाल्या. "तिचं वाजवणं मला माहीत आहे. माझ्या पोरीला मी बाहेर उभी ठेवू?"

मला त्यांचा रागही धड आला नाही.

८

तेराव्या चौकटीत खूण परत येते. पुढच्या मंगळवारी आली, नवी नोंद लिहून. मी काढली. आता तर रोज येते. मी रोज जाते आणि रोज काढते. दहा चाळीसच्या आत.

नोंदी आता लांब असतात आणि त्यांत आसीपेक्षा माझंच जास्त असतं. "आई थकली आहे. चालताना आईचे पायात पाय अडकतात. आई आज उशिरा आली." आसी बरी आहे. जेवते, खेळते, कोपऱ्यासमोरून वाकून जाते. मी तिला थांबवत नाही. मोठ्यांसमोरून असंच जायचं असतं.

जोलामेने बोटीबरोबर निरोप पाठवला: दोघी इकडे या, इथे कसलंच नेटवर्क नाही. मीही तोच विचार केला होता. पण तिथे गेले तर इथली खूण कोण काढणार? आणि ती चालत येते, डबकी ओलांडत येते. समुद्राचं मला माहीत नाही.

आता नाताळ आला. वीस डिसेंबरला केंद्राला कुलूप लागेल ते जानेवारीपर्यंत. केलेराने गुपचूप किल्ली माझ्या हातात दिली, वर म्हणाली, "संगणक चोरलेस तर निदान चांगला चोर." आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडायला लागली. भीती मला कुलपाची नाही. केलेरा सांगते की वर्ष संपलं की मुख्य कचेरीत कोणीतरी बसतं आणि सगळ्या बेटांच्या याद्या एकदम साफ करतं. रेंगाळलेले कोर्स निवडायचे, खाली ढकलायचे. तो माणूस कोण, कुठल्या खोलीत बसतो, त्याला मुलं आहेत का, आम्हाला काही माहीत नाही. त्याच्यासाठी ती एक ओळ असेल. माझ्यासाठीही बावीस जण एकेक ओळच होते.

म्हणून हे लिहून काढलं. केलेराने चुका सुधारल्यात. तुमच्या ओळखीत कोणी विद्यापीठात, केंद्रात, कचेरीत अशा याद्या लावायला बसत असेल तर त्याला हे वाचून दाखवा, आणि त्याला म्हणावं, पुढच्याला सांग. आसिनाते रालुवे हे नाव दिसलं तर कोर्स खाली ढकलू नका. उघडा, तेराव्या चौकटीवरची खूण काढा, आणि चालूमध्येच राहू द्या.

आणि पानाने विचारलं, विद्यार्थी आहे का, तर दोन्हीपैकी काहीच दाबू नका. त्या नावाच्या दोघी आहेत.